गुणगुणणारा पडदा

मी एक प्लाझ्मा टीव्ही आहे. किर्गिझस्तानातल्या आत-बाशी गावात, दोतबेकच्या घरामागच्या लाकडी खोपटात, पिठाच्या पोत्यांना टेकून उभा आहे. माझ्या जातीचे टीव्ही आता कुणी बनवत नाही. कारखाने कधीच बंद पडले. मला उघडून दुरुस्त करील असा माणूस बिश्केकमध्येही सापडायचा नाही. तरी अजून काचेला तडा नाही आणि आठवणी शाबूत आहेत, तोवर सांगून घेतो.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. दोन काचा, त्यांच्यामध्ये डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या लाखो कोठड्या आणि प्रत्येक कोठडीत चिमूटभर वायू. वीज मिळाली की कोठडी स्वतःच पेटते आणि काळं दाखवायचं असलं की विझून जाते. आमच्या शेजारच्या कारखान्यातले एलसीडी वेगळे. त्यांच्या पाठीमागे एक दिवा सतत जळत असतो आणि ते त्याच्यावर पडदे ओढून चित्र दाखवतात. पडदा कितीही ओढला तरी फटीतून उजेड यायचाच. म्हणून त्यांची रात्र राखाडी आणि आमची रात्र काळी.

हे सगळं खरं असलं तरी दुकानात त्याचा काही उपयोग नव्हता. बिश्केकच्या त्या दुकानात छताला शंभर दिवे लावलेले. त्या झगमगाटात एलसीडी उजळ दिसायचे आणि आम्ही काळवंडल्यासारखे. गिऱ्हाईक यायचं, जाडी चिमटीत धरून बघायचं, वजन विचारायचं, समोर दोन मिनिटं उभं राहायचं आणि एलसीडी घेऊन जायचं. आपल्या घरात शंभर दिवे नाहीत, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. मी सात महिने तिसऱ्या फळीवर बसून होतो.

सप्टेंबरात एके दिवशी दोतबेक आला. उंच, वाळलेला, सत्तरीला टेकलेला, डोक्यावर पांढरा काल्पाक. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा मोठ्या आवाजात बोलायचा. बरोबर त्याची मुलगी बुरुल होती. ती गावच्या शाळेत भूमिती शिकवायची. तिने वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणलं होतं आणि एलसीडीच घ्यायचा हे घरूनच ठरवून आली होती.

दोतबेकने सगळे टीव्ही एकदा नीट पाहिले. मग काल्पाक काढून बुरुलच्या हातात दिला आणि सरळ फरशीवर उजव्या कुशीवर आडवा झाला. गाल फरशीला टेकवून तिथून वर तिरकं बघू लागला. लोक थांबले. दोन बायका हसल्या. विक्रेता धावत आला.

"अक्साकाल, आजोबा, काही हरवलं का तुमचं?"

"हरवलं काही नाही," दोतबेक खालूनच म्हणाला. "माझी बायको इथे असते. तिला काय दिसेल ते बघतोय."

बुरुलने मान खाली घातली आणि विक्रेत्याला हळूच समजावलं. आईला वसंतात झटका आला होता. डावी बाजू गेली, वाचा गेली. घरात उबेची एकच जागा होती, भट्टीला लागून. पलंग तिथून हलवता येत नव्हता. आणि तिथून टीव्हीची भिंत अशी तिरकीच दिसायची.

दोतबेकने बोट दाखवलं. "त्या पोरीचे केस बघ, पिकले." खरंच, खालून बघताना एलसीडीवरच्या गाणाऱ्या मुलीचे काळे केस पांढुरके दिसत होते आणि तोंड निळं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरही तीच मुलगी गात होती. "हिचे काळेच आहेत," तो म्हणाला.

बुरुलने बरंच समजावून पाहिलं. त्याला ऐकू जावं म्हणून तिला त्याच्या तोंडासमोर जाऊन मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे बापलेकीचं भांडण सगळ्या दुकानाने ऐकलं. प्लाझ्मा दुप्पट वीज खातो. हिवाळ्यात आपल्याकडे वीज आधीच मरतुकडी. वजन त्रेचाळीस किलो, उचलणार कोण? एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडतो. विक्रेत्यानेही तिची री ओढली. म्हणाला, हा गरमही फार होतो.

"गरम होतो? मग बरंच की," दोतबेक म्हणाला. "आमच्याकडे सात महिने हिवाळा."

मग त्याने विक्रेत्याला एक विनंती केली, दुकानाचे दिवे पाच मिनिटं घालवायची. का कोण जाणे, त्याने घालवले. दोतबेकने तीस वर्षं फिरतं सिनेमाघर चालवलं होतं. लॉरीत प्रोजेक्टर, जनरेटर आणि चादरीएवढा पडदा टाकून तो उन्हाळी कुरणांवर मेंढपाळांना सिनेमे दाखवत फिरला होता. खरा काळोख कसा असतो ते त्याला माहीत होतं. अंधार झाल्यावर तो पाचही मिनिटं माझ्यासमोर उभा राहिला. दिवे लागले तेव्हा म्हणाला, "हा बांधा."

माझं घर समुद्रापासून किती उंच असेल, हे कुणी विचारलं नाही. दुकानदाराला ते ठाऊक नसावं, असंच मी धरून चालतो.

आत-बाशीला जाताना डोलोनची खिंड लागते. गाडी जसजशी चढू लागली तसतशी बाहेरची हवा पातळ होत गेली. माझ्या कोठड्यांतला वायू मात्र खालच्या हवेच्या हिशोबाने कोंडलेला. तो आतून काचेला रेटू लागला. खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबली, ड्रायव्हर आणि दोतबेक रस्त्याकडेच्या तंबूत घोडीच्या दुधाचं कुमिस प्यायला गेले आणि मी खोक्यात अंग ताणून पडलो होतो. पुढे गाडी उतरली, पण फार नाही. आत-बाशी स्वतःच दोन हजार मीटरवर आहे. तो ताण मग कायमचाच राहिला.

घरी चहा, साय, जाम, ताजे तळलेले बोरसोक, सगळा थाट होता. शेजारपाजारचे आले होते. दोतबेकने मला भिंतीशी उभं केलं, तार जोडली आणि सुरू केलं. चित्र आलं आणि माझ्या अंगातून एक आवाज निघाला. गुंऽऽ, बाटलीत अडकलेल्या माशीसारखा. चित्र उजळ झालं की आवाज चढायचा. मी तो थांबवायचा खूप प्रयत्न केला. पण तो माझ्या हाडांतूनच येत होता.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारचा कारिपबाय घोडे पाळायचा आणि जिभेवर लगाम नसलेला म्हणून गावात प्रसिद्ध होता. तो कपाच्या आड म्हणाला, "दोतकेने टीव्ही आणला म्हणे. मला तर मधमाश्यांची पेटी दिसतेय." खोली हसली.

दोतबेकने सगळे हसताना पाहिले आणि आनंदाने तोही हसला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तीस वर्षं जनरेटरशेजारी बसून त्याच्या कानांतले बारीक आवाज कधीच मरून गेले होते. समोरून मोठ्याने बोललं तर कळायचं, बाकी जग त्याच्यासाठी मुकं होत चाललं होतं आणि किती मुकं झालंय याचा त्याला स्वतःला अंदाज नव्हता.

पलंगावर त्याची बायको सायराकान होती. तिने त्याचं हसणं पाहिलं. तिचा उजवा हात गोधडीतून वर आला, तळवा खाली करून तिने तो हवेत दाबला. खोली गप्प झाली. कारिपबायही गप्प झाला. त्या दिवसापासून माझ्या गुणगुणीबद्दल दोतबेकसमोर कुणी शब्द काढला नाही.

रोज दुपारच्या चहानंतर दोतबेक पडदे ओढायचा, मला सुरू करायचा आणि पलंगाच्या उशाशी स्टूल घेऊन बसायचा. कुरणांवर जेव्हा तो रशियन सिनेमे दाखवायचा, तेव्हा मेंढपाळांना कळावं म्हणून आवाज बारीक करून स्वतःच किर्गिझमध्ये गोष्ट सांगायचा. सायराकान त्याला पहिल्यांदा भेटली ती अशाच एका पडद्यासमोर. तेच आता त्याने पुन्हा सुरू केलं. माझा आवाज अगदी तळाला आणायचा आणि आपण बोलायचा. खलनायक आला की त्याला जिल्ह्यातल्या एका जुन्या साहेबाचं नाव द्यायचा. सायराकानचं अर्धं तोंड हसायचं.

पण माझा आवाज कमी केला की माझी गुणगुण मोकळी व्हायची. त्याला वाटायचं खोलीत फक्त त्याची गोष्ट आहे. तिच्या कानात मात्र अर्धी गोष्ट आणि अर्धी माशी. तासाभराने तिच्या कपाळाची शीर उभी राहायची. मग ती डोळे मिटून घ्यायची. कधी त्याचं लक्ष नाही असं पाहून गोधडीचं टोक कानावर ओढायची. तो गोष्ट अर्धवट सोडून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. मग बुरुलला सांगायचा, ही खंगत चाललीय, दोन तासही जागी राहत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तिचं मन रमावं म्हणून मला आणखी जास्त वेळ सुरू ठेवायचा.

बुरुलने माझं माहितीपुस्तक तिसऱ्याच दिवशी वाचलं होतं. चौथ्या पानावर, बारीक रशियन अक्षरांत, दोन ओळी होत्या: अमुक उंचीच्या वर यंत्रातून आवाज येऊ शकतो, तो बिघाड समजू नये. ती पुस्तक घेऊन आईजवळ बसली. आक्यांना सांगून टाकते म्हणाली; वडिलांना ती आके म्हणायची, आईला अपा. आईने तिचं मनगट धरलं आणि मान हलवली. बुरुल पुन्हा म्हणाली, तुला त्रास होतोय हे त्यांना कळायला नको का? आईने मनगट आणखी घट्ट धरलं. इतकं, की बुरुलच्या हातावर बोटं उमटली.

मला वाटतं सायराकानचं बरोबरही होतं आणि चूकही. मला भिंतीशी उभं करताना तो किती खूष होता, ते तिने पाहिलं होतं. हा टीव्ही वाईट निघाला एवढंच त्याला कळलं असतं तर चाललं असतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्याला कळली असती, की साऱ्या खोलीला जे ऐकू येतं ते त्याला येत नाही.

ऑक्टोबर संपता संपता एका दुपारी वीज दबली. माझं चित्र थरथरलं. दोतबेक उठला आणि मी तापलोय का बघायला माझ्या पाठीवर तळवा ठेवला. ठेवला आणि तसाच राहिला. तळवा काढला, पुन्हा ठेवला. तो यंत्रांचा माणूस, त्याच्या हाताला कानापेक्षा जास्त कळायचं. त्याने फळीवरून स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक माझ्या चौकटीला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. जुने मेकॅनिक इंजिन असंच ऐकतात. मग त्याने डोळे मिटले.

सायराकान पलंगावरून त्याला बघत होती. तिचा हात वर आला होता, पण या वेळी गप्प करायला कुणी नव्हतं.

बुरुल शाळेतून आली तेव्हा तो स्टुलावर बसला होता. मी बंद होतो.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

बुरुलला लगेच कळलं. "पहिल्या दिवसापासून, आके."

"हिला ऐकू येतं?"

"सगळ्यांना येतं."

"सगळ्यांना," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "बायबिचे, मी रोज तुझ्या डोक्यात खिळे ठोकत होतो आणि तू मला ठोकू दिलेस."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. उठून बाहेर गेला आणि बराच वेळ लाकडं फोडत राहिला.

चार दिवस मी बंद होतो. बुरुल म्हणाली, मी बिश्केकला जाते, बदलून एलसीडी आणते, आता नवे आलेत त्यांच्यात बाजूने जरा बरं दिसतं म्हणे. तो म्हणाला, त्या पलंगावरून नाही दिसणार, मी पाहून आलोय. तिढा होता खरा. जो बघायला चांगला तो ऐकवत नव्हता आणि जो गप्प होता तो तिला दिसला नसता. माणसं टीव्ही निवडताना गुणांची तुलना करतात. पण घरात आल्यावर सोबत राहावं लागतं ते दोषांबरोबर.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने कोळशाचा तुकडा घेतला आणि मी ज्या भिंतीशी उभा होतो तिच्यावर माझ्या मापाचा चौकोन काढला. त्या भिंतीपलीकडे बिनाभट्टीची खोली होती. तिथे मांस, पीठ, बटाटे ठेवायचे. बुरुलने विचारलं हे काय.

"यंत्र आणि माणसं एका खोलीत बसत नसतात," तो म्हणाला. "सिनेमाघरात प्रोजेक्टर कुठे असतो? भिंतीमागे, काचेच्या पलीकडे. त्याचा खडखडाट प्रेक्षकांना कशाला?"

बुरुल खूप बोलली. नोव्हेंबर लागलाय, भिंत मातीच्या विटांची, धूळ उडेल, गारठा येईल, आईची छाती आधीच नाजूक. तो ऐकून घेत होता की नाही कोण जाणे. कारिपबाय पहार घेऊन आला. त्या पहिल्या दिवशीच्या विनोदाचं त्याला फार लागलं होतं. न सांगता त्याने दोन दिवस पहार चालवली. पलंगाभोवती ओल्या चादरी बांधल्या, सायराकानच्या नाकावर रुमाल, अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट, भट्टीत दुप्पट कोळसा. तरी धूळ उडायची ती उडालीच.

तिसऱ्या दिवशी दोतबेकने भोकात दोन काचा बसवल्या, कडांना नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर ठोकला, माझ्यासाठी पलीकडून लाकडी पेटी केली, तिलाही आतून नमदा. एक छोटा स्पीकर तारेने खोलीत नेला. मग मला सुरू केलं आणि आत जाऊन बसला.

काचेमुळे मलाही आतलं काही ऐकू येईना. पण दिसत होतं. सायराकान माझ्याकडे बघत होती. तिने एकदा भुवया आक्रसल्या, आवाजाची वाट बघत असल्यासारख्या. मग त्या सैल झाल्या. तिने दोतबेककडे पाहिलं आणि उजव्या हाताने गोधडीवर दोनदा थाप मारली. हं, सांग पुढे. त्याचे ओठ हलू लागले.

पाच आठवडे. माझ्या आयुष्यात जगण्यासारखे दिवस तेवढेच. ती तीन-तीन तास जागी राहायची. कधी तो हातवारे करायचा, कधी उठून घोड्यावर बसल्याची नक्कल करायचा. मी त्या गारठलेल्या खोलीत बटाट्यांच्या शेजारी जळत होतो आणि माझी गुणगुण फक्त बटाटे ऐकत होते.

डिसेंबरातली ती सकाळ मला विसरता येत नाही. दोतबेक कोळसा आणायला गेला होता आणि जाताना तिच्यासाठी मला सुरू ठेवून गेला होता. बुरुलला शाळेला उशीर झाला होता. ती एका हाताने कोटाची बटणं लावत होती आणि दुसऱ्या हाताने आईला चमच्याने दुधाचा चहा भरवत होती. दवाखान्यातल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, मी ऐकलंही होतं: झटक्यानंतर घसा कमजोर होतो, पाठीशी उशा देऊन बसवल्याशिवाय काही पाजू नका, नाहीतर ते छातीत उतरतं आणि ताप धरतो. रोज बुरुल तीन उशा लावायची. त्या सकाळी नाही लावल्या. आई आडवीच होती. चौथ्या की पाचव्या चमच्याला सायराकानचा चेहरा लाल झाला, अंग हलू लागलं. आवाज माझ्यापर्यंत आला नाही, पण तो ठसका होता. बराच वेळ चालला. बुरुलने तिला उठवून पाठ चोळली, तोंड पुसलं, कपाळावर ओठ टेकले. मग घड्याळ पाहिलं आणि पळत गेली.

तीन दिवसांनी ताप चढला. आठवड्याने तिला नारिनच्या इस्पितळात नेलं. जानेवारीत परत आणली ती नमद्यात गुंडाळून.

अंगणात रिवाजाप्रमाणे तंबू उभा राहिला, बायकांचा आक्रोश झाला, माती झाली. मला कुणी पाहायला आलं नाही आणि ते योग्यच होतं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर पाहुणे पांगले. खोलीत बापलेक दोघेच होते. बुरुल भांडी गोळा करत होती. तो काचेकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होता. काहीतरी म्हणाला. काय ते मला कळलं नाही. बहुधा शेवटचे आठवडे बरे गेले तिचे, असं काही असेल. बुरुलने हातातली थाळी ठेवली, त्याच्या समोर गेली आणि बोलली. त्याच्याशी बोलताना ओरडावंच लागायचं. त्याला कुणी काही पुटपुटून, अर्धवट सांगू शकत नसे. त्यामुळे ते दोन काचांपलीकडे मलाही ऐकू आलं.

"भिंत फोडली नसतीत तर अपा आज असती."

दोतबेकने मान डोलावली. जणू त्याला हे आधीच माहीत होतं, फक्त कुणीतरी बोलायची वाट होती.

वसंतात बुरुलने नारिनच्या शाळेत बदली मागून घेतली. सुट्टीला यायची, पीठ-तेल भरायची, गोधड्या उन्हात टाकायची, त्याची औषधं लावून द्यायची. बाप-लेकीत वाकडा शब्द नसे. सरळ शब्दही नसे. मिठाची डबी, घोड्याचा चारा, कोळशाची गाडी, एवढंच.

आणि तो मला रोज सकाळी सुरू करायचा. स्पीकरची तार त्याने काढून टाकली होती. एकच वाहिनी, दिवसभर. माझ्याकडे पाठ करून, रिकाम्या पलंगाच्या उशाशी त्याच स्टुलावर बसायचा, कारण ती त्याची जागा होती. अकरा वर्षं त्या वाहिनीचं चिन्ह माझ्या एकाच कोपऱ्यात उभं राहिलं, शेवटी ते कायमचं उमटलं. कारिपबाय घोड्यांचे सामने बघायला यायचा तेव्हा काचेपाशी येऊन ओरडायचा, दोतके, सगळ्या घोड्यांच्या डोक्यावर हा कसला शिक्का रे. दोतबेकला ऐकू जायचं नाही. आता समोरून ओरडलं तरच, तेही ओठ दिसले तर, थोडंफार कळायचं.

गेल्या शरदात माझ्या मधोमध एक पट्टा मेला. बुरुल नवा टीव्ही घेऊन आली. दुकानात तिलाही निवड करावी लागली असणार. साधे एलसीडी आता स्वस्त झालेत, बाजूनेही बरे दिसतात. तिने मात्र तो महागातला आणला, ज्याचा एकेक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, माझ्यासारखा, पण पोळीएवढा पातळ. त्यात वायू नाही, त्यामुळे तो गुणगुणत नाही. कुठूनही बघा, काळे केस काळेच. तिरकं बघणारं त्या घरात आता कुणी उरलं नव्हतं. तरी तिने तोच निवडला. तो तिने खिडकीशेजारी टांगला आणि ठरलं, की पहिल्या बर्फाआधी गवंडी बोलावून भिंतीतलं भोक बुजवायचं.

मला पेटीतून काढायला दोघंच होते. एका बाजूला ऐंशी वर्षांचा तो, दुसऱ्या बाजूला ती, आणि मध्ये उभा मी. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला त्याचा. पावलं मोजत ते अंगणातून निघाले. अर्ध्या वाटेवर बुरुल थांबली. तिचा श्वास माझ्या काचेवर लागला आणि काच धुरकट झाली.

"आके," ती म्हणाली, अगदी हळू, साधारण माणसं बोलतात तशी. "भिंतीमुळे नव्हतं ते. त्या सकाळी मी तिला उशी न लावता चहा पाजला. तिला ठसका लागला होता. मला तेव्हाच माहीत होतं."

मग आपण का थांबलोय हे न कळून दोतबेक म्हणाला, "जड होतंय का? ठेवायचं का खाली?"

तिने बोटं माझ्या कडेखाली आणखी आत सरकवली.

"नको," ती मोठ्याने म्हणाली. "चला."

त्यांनी मला इथे आणून ठेवलं. ती दुसऱ्या दिवशी नारिनला परत गेली. गवंडी येऊन गेला. आता तिथे सपाट भिंत आहे म्हणतात.

मी आता पेटणार नाही आणि मला त्याचं दुःख नाही. उंदीर माझ्या तारा कुरतडतात, कुरतडोत. पण बुरुलबाई, तुझी ती वाक्यं घेतली फक्त माझ्या काचेने, आणि काचेला ती पुढे देता येत नाहीत. तो म्हातारा रोज त्या सपाट भिंतीला हात लावून बघतो. हे कारिपबायने इथे पीठ न्यायला आलेल्या एका बाईला सांगितलं, म्हणून मला कळलं. तुझा दोष तो धरणार नाही. उशा लावायला विसरणारी पोर आणि भिंत फोडणारा नवरा, दोघांचीही तिच्यावर माया होती, हे त्याला तुझ्याआधी कळेल. पण त्याला कळायला तर हवं.

पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा त्याच्यासमोर बस. उजेडात, तुझे ओठ त्याला दिसतील अशी. भिंतीचं त्याला जेवढ्या मोठ्याने सांगितलंस, तेवढ्याच मोठ्याने हेही सांग.